मागायचं नाही, कळवायचं

४ जानेवारी

बाबा,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मी दाराला कुलूप लावत असताना शेजारच्या आजी रोज विचारतात, "कुठं निघालीस गं?", आणि मला त्याचा राग येतो. यातलं 'रोज' बरोबर आहे. 'राग' चुकलं. मंगळवारी त्यांचं दार बंद होतं. कुणी काही विचारलं नाही. मी कुलूप पुन्हा ओढून पाहिलं, मग पिशवीत किल्ली शोधत बसले. ती हातातच होती. राग येणारा माणूस असा रेंगाळत नाही. मग मला येतं ते काय, हे मला नीट सांगता येत नाही. तेव्हा तो शब्द खोडा आणि तिथली जागा कोरी ठेवा.

तुम्ही म्हणाल, एका शब्दासाठी अख्खं पत्र कशाला. ऑफिसचंही सांगायचं आहे.

मी पाट्यांच्या विभागात मजकूर तपासते, एवढं तुम्हाला माहीत आहे. नेमकं काय तपासते ते मी सांगायचं टाळलं, तुम्ही हसाल म्हणून. इथल्या प्रत्येक दुकानाची पाटी आता विभागानं मान्य केलेल्या शब्दांतच लागते. भाषा बिघडू नये, असा हेतू आहे. मान्य शब्दांचा जाडजूड कोश माझ्या टेबलावर असतो. त्याची बांधणी वाईट आहे, मधली पानं निघून हातात येतात. हे तुम्हाला कळलं तर बरं वाटेल म्हणून लिहिलं.

बाजारात एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक कुलूपवाला आहे. त्याची पाटी अशी: 'किल्ली हरवली? रडू नका, वर या.' आमच्या विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांचं म्हणणं असं की दुकानाला नाव असावं, दुकानानं सल्ला देऊ नये. कुलूपवाल्याला बोलावलं. तो माझ्यासमोर बसला, कोशाकडे बघून म्हणाला की हे एवढं सगळं तुम्ही रोज वाचता का. मी 'रडू नका'बद्दल समजावायला लागले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, रडणारं माणूसच माझं गिऱ्हाईक आहे. न रडणारे दार फोडून मोकळे होतात."

मला हसू आलं आणि मोठ्या बाईंनी ते पाहिलं. त्याला नोटीस पाठवायची आहे. मसुदा मी करायचा आहे.

तुम्ही काय केलं असतं, हे मी विचारत नाही. नोटीस माझ्या टेबलावर आहे, असं कळवते.

उत्तराची घाई नाही. (हेही तितकंसं खरं नाही.)

तुमची


११ जानेवारी

प्रिय शुद्धिपत्र,

कोरी जागा ठेवली आहे. बांधणीवाल्याला कोऱ्या पानांचं काही वाटत नाही. पुस्तकाच्या दोन्ही टोकांना ती लागतातच.

तुझा विभाग काय करतो ते वाचून मी हसलो नाही. दोन दिवस अस्वस्थ होतो. भाषेवर माझा किती जीव आहे, तुला ठाऊक आहे. माणसांना मालक नसला तर सगळा गोंधळ माजेल, असं म्हणणाऱ्याला मी नेहमी भाषा दाखवतो. ती कुणी केली? कुणाच्या हुकमानं 'आई' म्हणायचं ठरलं? कुठल्या समितीनं 'नको' मंजूर केलं? कोट्यवधी माणसं हजारो वर्षं बोलत आली. ज्याला जो शब्द सोयीचा वाटला तो त्यानं उचलला, नाही आवडला तो टाकला. टाकल्याबद्दल कुणाला दंड झाला नाही. तरी एवढी नेटकी गोष्ट उभी राहिली की तुझा कुलूपवाला दोन वाक्यांत रडणाऱ्याचं रडू थांबवू शकतो. आता कुणाला तरी ही भाषा सांभाळायची आहे. बाळा, मला मोडणाऱ्यांपेक्षा सांभाळणाऱ्यांची धास्ती जास्त. मोडणारा निदान दमल्यावर घरी जातो.

नोटिशीचं तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगत नाही. नोकरी तुझी, टेबल तुझं, सही तुझी.

तुझी आई गेल्यावर मी तुला शाळेत न घालता बांधणीच्या टेबलाशी बसवलं, तेव्हा लोक म्हणाले, पोरगी रानटी निघेल. पहिल्याच दिवशी मी तुला घरचा नियम सांगितला होता. समोरच्याला नाही म्हणणं जड जाईल, असं काही मागायचं नाही. गरज असली तर कळवायची. पुढचं ज्याचं त्यानं ठरवावं. तू सात वर्षांची होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामं पातेलं घेऊन आलीस आणि म्हणालीस, "दूध संपलं आहे, असं कळवते." मी खळीचा ब्रश खाली ठेवून हसत सुटलो. त्या घरात कुणी कुणावर सत्ता चालवली नाही. आयुष्यात मी फार काही कमावलं नाही, पण एवढं केलं.

परवा एक उमेदवार मत मागायला वर आले. म्हणाले, निवडून आलो तर तुमच्यासाठी काय करू? मी म्हटलं, माझ्यासाठी काही करणार नाही एवढं लिहून द्या. ते हसले आणि बसले. बराच वेळ बसले. जुन्या अंकांची चळत पाहून विचारलं, हे काय? मी आमच्या पाक्षिकाबद्दल सांगितलं, चार पानं, चार मित्र, वर्गणी देईल त्याचं स्वागत आणि न देईल त्याचंही. त्या चौघांतला मी एकटाच उरलो आहे, हे सांगितलं नाही, त्यांना वाईट वाटलं असतं. बऱ्याच दिवसांत एवढा वेळ कुणी बसलं नव्हतं. मत मात्र त्यांना देणार नाही.

आधीच्या एका पत्रात तू माझ्यासाठी फोन घेण्याबद्दल कळवलं होतंस, त्याचं उत्तर राहिलं. फोन म्हणजे कडी न वाजवता घरात घुसणारा पाहुणा. पत्र दाराशी थांबतं, आपल्याला वाटेल तेव्हा आपण त्याला आत घेतो.

माझ्याकडचं कळवायचं तर, जिना अलीकडे जास्त उभा झाला आहे. संध्याकाळी दिवे लवकर लावतो. कामं थोडी कमी घेतली आहेत.

तुझ्यावर कसलाही अधिकार न सांगणारा,
बाबा


२० जानेवारी

बाबा,

कामं कमी घेतलीत हे वाचून बरं वाटलं. संध्याकाळी दिवे लवकर लावता म्हणजे वाचन वाढलं असणार. तुम्हाला कधीपासून निवांत वाचायचं होतं.

नोटीस मी लिहिली. सौम्य लिहिली, 'विनंती' हा शब्द घातला. मोठ्या बाईंनी तो काढून 'आदेश' केला. मला त्यात फारसा फरक दिसला नाही, आणि फरक दिसत नाही याचंच वाईट वाटलं. तुम्ही घरात विनंती का करत नव्हता, ते थोडं कळल्यासारखं झालं. विनंतीच्या मागे कुणी उभं असेल तर ती विनंती राहत नाही.

कुलूपवाल्यानं पाटी बदलली. आता 'कुलूप व किल्ली सेवा केंद्र' आहे. शनिवारी मी मुद्दाम तिकडून गेले. एक बाई खाली उभी राहून पानवाल्याला विचारत होती, "ते रडू नकावाले कुठं गेले हो?" तो वर बोट दाखवून म्हणाला, "तेच ते. पाटी तेवढी सरकारी झाली." ती पाटी खरं म्हणजे मी केलेली आहे. मी मान खाली घालून निघून आले. विभागाचा आदेश भिंतीपर्यंत पोचला, लोकांच्या तोंडापर्यंत नाही. तुमचं म्हणणं सिद्ध झालं, पण सिद्ध करणारी मी होते हे मला आवडलं नाही.

मध्ये तीन दिवस ताप होता. आता उतरला आहे. माझ्यासोबत राहणारी नर्स त्या दिवसांत रात्रपाळीवर होती, म्हणून दिवसा झोपून असायची. आम्ही दोघी दोन खोल्यांत झोपलेल्या. तापात लहानपणचा तो ताप आठवला, टेबलाशेजारच्या खोलीतला. मला वाटत होतं तुम्ही जवळ बसावं. पण तसं म्हटलं असतं तर तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं. म्हणून मी घसा दुखतो आहे असं कळवलं. तुम्ही कोमट पाणी आणून दिलंत आणि दार ओढून घेतलंत. तक्रार नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

ही नर्स महिनाअखेर दुसऱ्या शहरात जाते आहे. तिची खोली रिकामी होईल, असं कळवते. खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही. सकाळचा उजेड थेट येतो. खिडकीखाली मोठं टेबल मावेल, मी मापलं आहे. वयस्कर माणूस राहायला आलं तरी हरकत नाही, असं मालकीणबाईंनी आपण होऊन सांगितलं. (दुरुस्ती: मी विचारल्यावर सांगितलं.)

तुमची


६ फेब्रुवारी

प्रिय शुद्धिपत्र,

अक्षर मोठं आलं आहे, पेन नवं आहे, जाड उठतं. ओळी खाली उतरत असतील तर त्यांना उतरू दे.

खोली रिकामी होते आहे तर नवी भाडेकरू लवकर शोध. मालकीणबाईंवर सोपवू नकोस. एकदा का दुसऱ्यानं तुझ्यासाठी माणूस निवडला की तुला पुढं रोज त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं. सकाळचा उजेड आहे म्हणतेस, तर चांगली माणसं येतील.

तापाचं वाचलं. त्या वेळी मी दाराबाहेर स्टुलावर होतो, तू झोपेपर्यंत. तू हाक मारली नाहीस, म्हणून आत आलो नाही. तुला एकटं राहायचं असेल तर तो तुझा हक्क होता.

लांब लिहीत नाही. बांधणीचं काम सध्या बरंच आहे.

बाबा


११ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र मिळालं.

आधीच्या पत्रात तुम्ही कामं कमी घेतली होतीत, या पत्रात काम बरंच आहे. दोन्हींपैकी एक दुरुस्त करायला हवं. मी आग्रह धरत नाही. नोटीस मी लिहिली हे तुम्हाला आवडलं नसणार, आणि न आवडल्याचं तुम्ही कधी बोलून दाखवत नाही, पत्र आखूड करता. ते मी समजून घेतलं आहे.

स्टुलाचं मला माहीत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून तुमच्या पावलांचा कानोसा घेत होते. काहीच वाजलं नाही, तेव्हा तुम्ही निजलात असं धरून चालले. तुम्ही हलला नाहीत म्हणून आवाज आला नाही, हे आज कळलं.

खोलीसाठी एक संगीतशिक्षिका मिळाली आहे. एक मार्चपासून येईल. तुम्ही म्हटल्याप्रमाणे मीच निवडली.

आता लांब लिहिणार नाही. तुमच्या कामात व्यत्यय नको.

तुमची


२६ फेब्रुवारी

प्रिय शुद्धिपत्र,

हे अक्षर माझं नाही. खालच्या मजल्यावर शिवणकाम करतात त्या बाईंचं आहे. मी सांगतो आहे आणि त्या लिहिताहेत. माझा हात थोडा दुखावला आहे, मनगटाला पट्टी आहे. चिंतेचं कारण नाही.

तुझ्या नोटिशीवर मी नाराज नाही. नाराज व्हायची मोकळीक मला आहे, पण ती मी वापरलेली नाही. तू लिहिलंस की लोकांच्या तोंडापर्यंत आदेश पोचला नाही, ते वाक्य मी बाईंकडून पुन्हा वाचून घेतलं. पाक्षिक चालू असतं तर पहिल्या पानावर छापलं असतं.

शिक्षिका मिळाली हे चांगलं झालं. घरात गाणं येईल.

पत्र आखूड होतं ते नाराजीनं नव्हतं. त्यामागचं कारण माझ्यापुरतं आहे, आणि तू विचारलं नाहीस याबद्दल मी तुझा आभारी आहे.

आता एक अडचण. बाई म्हणताहेत की खाली त्यांना स्वतःचं काही लिहायचं आहे. मी विचारलं, काय? त्या म्हणतात, ते माझं आणि तुमच्या मुलीचं. मी म्हटलं, पत्र माझं आहे. त्या म्हणतात, कागद माझा, शाई माझी, हात माझा. मी आयुष्यभर छापणाऱ्याचा हात धरू नका असं लिहीत आलो. आज माझ्याच टेबलावर तो धरता येत नाही. त्या लिहितील ते मला वाचून दाखवणार नाहीत, असंही त्यांनी सांगितलं आहे. मी खिडकीशी जाऊन बसतो.

बाबा

बाळ, मी खालची शिवणवाली. तू लहान असताना तुझा निळा झगा मी शिवला होता, तुला आठवत नसेल.

तुझ्या बापाला दिसत नाही. डावा डोळा गेल्यात जमा आहे, उजव्यातून धुरकट दिसतं. पंधरा दिवसांपूर्वी जिन्यात पडले, तेव्हापासून हाताला पट्टी आहे. त्यांनी एका वकिलाचं पुस्तक उलटं बांधलं, वरची बाजू खाली. वकील भला माणूस, म्हणाला राहू दे, मी तसंही उघडत नाही. पण तेव्हापासून यांनी एकही काम घेतलेलं नाही. दिवसभर टेबलाशी बसतात. टेबल रिकामं असतं.

मी जबरदस्तीनं डॉक्टरकडे नेलं. जबरदस्तीनं म्हणजे, दंडाला धरून. डॉक्टर म्हणाले, मार्च संपायच्या आत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हायला हवी, नाहीतर तोही जाईल, मग काही करता येणार नाही. घरचं माणूस सोबत असल्याशिवाय ते दाखल करून घेत नाहीत. मी म्हटलं, मुलीला बोलवा. तर म्हणाले, "तिला नाही म्हणता येणार नाही. म्हणून मला मागता येत नाही." मी एवढी वर्षं कपडे शिवते, पण असं आतलं बाहेर शिवलेलं कापड मी पाहिलं नाही.

म्हणतात, मी तिला कळवलं आहे. मी विचारलं, काय कळवलं? तर म्हणे जिना उभा झालाय. बाळ, जिना कधी उभा होतो का?

तुझी पत्रं मीच वाचून दाखवते, जानेवारीतलंही मीच वाचलं. त्यात तू खोलीचं लिहिलं होतंस, टेबल मावेल, उजेड आहे, जिना नाही. मी वाचता वाचता थांबले, म्हटलं, अहो, ती तुम्हाला बोलावते आहे. ते म्हणाले, छे, तिला बोलवायचं असतं तर तिनं तसं लिहिलं असतं, ती शब्दाची पक्की आहे. आणि बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. दिसत नसताना.

तुमचे नियम मला कळत नाहीत. तू ये, असं मी म्हणणार नाही. ते तुझ्या बापानं म्हणायला हवं. मी फक्त माझ्या शाईनं लिहिलं.


३ मार्च, रविवार

बाबा,

हे पत्र खालच्या बाई तुम्हाला वाचून दाखवतील. बाई, नमस्कार. निळा झगा आठवतो, त्याला दोन खिसे होते. कृपा करून काही न गाळता वाचा, आणि ते मध्येच बोलायला लागले तर थांबू नका.

पत्र बुधवारी आलं, आज रविवार आहे. मधल्या दिवसांत मी लिहिलं आणि फाडलं. पहिल्या मसुद्यात फक्त राग होता. या वेळी तो शब्द बरोबर आहे, खोडू नका.

शुक्रवारी शिक्षिका तंबोरा घेऊन राहायला आली. चांगली आहे. तिनं खिडकीखाली, मी मापलेल्या जागेत, तिचा पलंग लावला. मी मदत केली. पलंग सरकवताना मला वाटत होतं की हे मी थांबवू शकले असते, एका ओळीनं. 'बाबा, इथं राहायला या.' एवढीच ओळ. ती न लिहिता मी खिडकीची दिशा लिहिली, मजला लिहिला, मालकीणबाईंचं मत लिहिलं. तुम्ही डोळ्यांचं न लिहिता जिन्याचं लिहिलंत. आपण दोघं एकमेकांच्या दाराशी सामान ठेवून पळून जाणारी माणसं आहोत.

काल मोठ्या बाईंकडे गेले. त्यांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाले की माझ्या वडिलांचे डोळे अधू झाले आहेत, असं कळवते. त्या म्हणाल्या, अरेरे, काळजी घ्यायला सांग. आणि पुढचा कागद ओढला. मी तशीच उभी. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.

"अजून काही आहे का?"

"मला तीन आठवडे रजा हवी आहे."

"मग तसं म्हण ना, मुली. मला काय स्वप्न पडणार आहे? जा. दिली."

माझी रजा सव्वीस दिवस साठली आहे आणि तापाचे ते तीन दिवस सोडले तर चार वर्षांत मी एकदाही मागितलेली नाही, हे त्यांनीच रजिस्टर पाहून सांगितलं. त्यांना वाटायचं मला नको असते. बाबा, ज्या बाईंनी माझी 'विनंती' खोडून 'आदेश' केला, त्यांच्याकडे मागणं एवढं सोपं होतं. नाही म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते किंवा नोकरी सोडली असती. म्हणजे त्यांच्याकडे मागताना मी मोकळी होते, आणि त्याही मोकळ्या होत्या. मग घरातच ही भीती का?

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. तुम्हीच शिकवलंत तसा, एकेक टाका तपासून. तुम्ही म्हणता, हिला नाही म्हणता येणार नाही, म्हणून मागायचं नाही. पण मला काय म्हणता येईल हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही मला न विचारता माझं उत्तर ठरवलंत, त्या उत्तराचा मला त्रास होईल हेही ठरवलंत, आणि मला तो होऊ नये म्हणून प्रश्नच बंद केलात. आमचा विभाग हेच करतो. आम्हीही लोकांच्या भल्यासाठीच त्यांच्या तोंडचा शब्द आधी ठरवतो. फक्त आमच्याकडे त्याची नोटीस तरी निघते. तुमच्या नियमात मला नोटीसही मिळाली नाही.

मागणं म्हणजे हुकूम नाही, बाबा. नाही ऐकून घ्यायची ज्याची तयारी आहे त्यानं काहीही मागावं, असं मला आता वाटतं. आणि ज्याच्याकडे मागितलं, त्याला जड जाईल ते जाऊ द्यावं. तो मोठा माणूस आहे. माझं 'हो' माझं होतं. ते म्हणायची संधी मला हवी होती, त्या तापातही, आणि या जानेवारीतही.

भाषेचं तुम्ही लिहिलंत ते मला पटतं. कुणाच्या हुकमाशिवाय ती उभी राहिली. पण ती एकेकट्या माणसांनी आपापल्या खोलीत बसून केली नाही. कुणीतरी कुणाकडे तरी काहीतरी मागितलं, तेव्हा पहिला शब्द निघाला असेल. पाणी, किंवा ये. मला वाटतं 'ये' आधी निघाला असेल. याला पुरावा नाही.

आता पुढचं. यात कळवणं काही नाही, सगळं मागणं आहे.

माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला. शस्त्रक्रिया करून घ्या. नंतर मी असेपर्यंत मला तुमच्याजवळ बसू द्या, हाक मारली नसली तरी. हे सगळं तुम्हाला नाकारता येतं. नाही म्हणालात तर मी दंडाला धरून नेणार नाही, बाईंनी नेलं तसं. डोळा तुमचा आहे, हे मी विसरलेले नाही. पण कारण विचारीन, आणि पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मागेन. तुम्ही मला कंटाळाल, मी रडेनही. त्या पुस्तकाची बांधणी तुम्ही कशी केलीत ते बघायला मागेन, वकिलाकडे जाऊन.

मला भीती वाटते. तुम्ही नाही म्हणाल याची जेवढी, तेवढीच तुम्ही केवळ मला बरं वाटावं म्हणून हो म्हणाल याची. पहिल्या भीतीवर माझ्याकडे काही उपाय नाही. दुसरी भीती तुम्ही आजवर माझ्याबद्दल बाळगलीत, आता ती मी तुमच्याबद्दल बाळगेन. तिच्यासकट येते आहे.

येऊ का, असं विचारत नाही. तिकीट काढलं आहे. दार तुमचं आहे, उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही उघडलंत तर मी खाली बाईंच्या दुकानात बसेन. (बाई, चालेल ना? हेही मागणंच आहे.)

गाडी सकाळची आहे. दुपारी दोनपर्यंत जिन्याच्या तळाशी असेन. सोमवारी, अकरा मार्चला.

तुमची मुलगी